निळा ठिपका, वांगी ठिपका

चार्जरवरचे दोन्ही दिवे हिरवे होते. हिरवा म्हणजे भरून झालं, काढून घ्या, काळजी नाही. मी पिशवी टेबलावर ठेवता ठेवताच हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. दोन सेल शेजारी शेजारी बसले होते, एकाच्या अंगावर निळा ठिपका आणि दुसऱ्याच्या अंगावर वांगी. हे ठिपके मीच लावते, नेलपेंटनं. माझ्या स्वतःच्या नखांना कित्येक वर्षांत रंग लागलेला नाही, पण दुकानात डझनभर बाटल्या आहेत, आणि ज्याच्या व्हेपमध्ये, म्हणजे विजेवर वाफ काढणाऱ्या सिगारेटमध्ये, दोन सेल लागतात त्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जोडीला मी एक रंग देऊन टाकते. एकाच खोक्यातून आलेले, एकाच दिवशी पहिल्यांदा भरलेले, मोजून पाहिल्यावर सारखे निघालेले दोन सेल म्हणजे जोडी. ते एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे, आणि एक गेला की दुसरा कितीही ठणठणीत असला तरी त्यालाही कामावरून काढायचं. जोडी फोडायची नाही. वाफ ओढणाऱ्यांमधला अगदी कालचा नवशिकासुद्धा हे जाणतो. निळा रंग स्टेर्गिओसचा, शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्याचा. वांगी माझा. आणि माझ्या चार्जरवर एक त्याचा आणि एक माझा असे दोघं निवांत भरून बसले होते.

पहिल्यांदा मला वाटलं, मीच चुकले. सकाळभर पार्सलच्या कचेरीत रांगेत उभी होते, डोकं भणभणलं होतं, काल संध्याकाळी घाईत उचलून काहीतरी भलतंच लावलं असेल. पण मी सेल लावून दुकान सोडून कधी जात नाही. भरणाऱ्या सेलपाशी जागं माणूस हवं, खाली फरशीचा तुकडा हवा, आजूबाजूला कागद-कापूस नको, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगते की आई म्हणते, झोपेतही तेच बडबडतेस. मग मी माझं स्वतःचं व्हेप ठेवते तो खण उघडला. यंत्र होतं, पोटात काही नव्हतं. दुसरा वांगी नाही. दुसरा निळा तर इथं असण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानाची दुसरी किल्ली फक्त स्टेर्गिओसकडे असते. मी हिशेब मांडला. दोन इथं आहेत, म्हणजे उरलेले दोन, एक निळा आणि एक वांगी, त्याच्या नळीत आहेत. त्याची ती लांब पितळी नळी, म्हणजे त्याचं व्हेप, एकावर एक सेल बसणारी, आत विजेवर नजर ठेवणारं काही नाही, बटण दाबलं की सरळ सेल आणि तार. ती नळी तो शर्टाच्या खिशात ठेवतो. छातीवर. मी फोन लावला, आणि भिंतीपलीकडे, पाडलेल्या शटरच्या आत, त्याचा फोन इमानदारीत वाजायला लागला. शनिवारची दुपार. हा माणूस शनिवारी दुपारी बंदरावर थोमाईच्या खानावळीत त्सिपुरो, आमच्याकडची द्राक्षाची कडक दारू, प्यायला जातो आणि फोन लेथशेजारी ठेवून जातो, कारण, त्याच्याच शब्दांत, पिताना हाका मारणारी माणसं त्याला नकोत.

मी निघाले. निघाले म्हणजे काय, शटर अर्धवट ओढलं, छोटा मीटर पिशवीत टाकला आणि दुकानातल्या जाड तळाच्या लाकडी चपलांवरच धावत सुटले. मोपेड मुलीनं नेली होती. बसथांब्यावर दोन म्हाताऱ्या अशा बैठक मारून बसल्या होत्या की बस आत्ताच गेली हे विचारायचीही गरज नव्हती. रस्त्यानं मला ओळखणारे होतेच. चाकाच्या दुकानातला कोणीतरी ओरडला, "काय कालिरोईबाई, कुठं आग लागली?" मी म्हटलं, "अजून नाही!" आणि पुढे गेले. हे उत्तर माझ्या तोंडून इतक्या टेचात निघालं की मलाच नवल वाटलं. मी घाबरलेली होते, खरंच घाबरलेली होते, पण त्या भीतीखाली काहीतरी उकळत होतं आणि त्याचं झाकण थडथड उडत होतं. दोन सेल एकावर एक असले की दोघांतून सारखीच वीज जाते. त्यातला जो म्हातारा, ज्याच्यात कमी मावतं, तो आधी रिकामा होतो. पण त्याला थांबता येत नाही, कारण दुसरा भरलेला असतो आणि तो ढकलतच राहतो. मग रिकामा झालेला उलटा होतो. तापतो, फुगतो, आणि शेवटी पोटातलं सगळं फेकतो. मी एकदा हे अंगणात वाळूच्या बादलीत मुद्दाम करून पाहिलं होतं. आधी एक गोडसर वास येतो, नेलपेंट पुसायच्या पाण्यासारखा, आणि मग फुस्स होतं आणि मग कोणी जवळ नसावं. त्याचा निळा यंदाचा आहे. माझा वांगी किती जुना आहे ते आठवून मला लाज वाटली. दुसऱ्यांचे सेल वेळेवर बदलायला लावणारी मी, स्वतःचे मात्र अजून चालतात, अजून चालतात, करत राहिले.

स्टेर्गिओस मला पहिल्यांदा भेटला तेव्हा हातात हीच नळी होती, म्हणजे हिची आई म्हणू या. तो बोटींच्या इंजिनांचे भाग घडवतो आणि मनात आलं की नळ्या करतो, आणि त्या नळ्या जर्मनीपासून कोरियापर्यंतचे लोक मागवतात. तेव्हा मी दुकान नुकतंच मांडलं होतं. सेल विकायच्या आधी मी प्रत्येक सेल तपासते, वेष्टनावर काय छापलंय ते वाचतसुद्धा नाही, कारण वेष्टन कोणीही कोणावरही चढवतं. एखाद्यावर पस्तीस अ‍ॅम्पियर लिहिलेलं असतं आणि पंधरावरच तो हातात धरवत नाही. तर हा आला, नळी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, यात बसतील असे दोन चांगले द्या. मी नळी फिरवून पाहिली. इतकं गुळगुळीत पितळ मी पाहिलं नव्हतं, आटे असे फिरत होते की आवाज नाही. मी म्हटलं, "भोकं कुठायत?" तो म्हणाला, "कसली भोकं? बासरी आहे का ही?" मी म्हटलं, "सेलनं आतला वायू सोडला तर तो जाणार कुठून?" "माझ्या नळीत सेल असलं काही करत नाहीत." "मग सेलही तुमच्याच घरचे वापरा, माझे मिळायचे नाहीत." तो लाल झाला, नळी उचलून चालता झाला. आठवड्यानं परत आला. नळीला खालच्या अंगाला गोल फिरवून बारीक भोकं पाडली होती, एकसारखी, कडा घासून घेतलेल्या. नळी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "ही घ्या बासरी. वाजवा आता." त्या दिवशी मी त्याला निळा ठिपका दिला. निळी बाटली मी तोवर कोणाला दिली नव्हती, का दिली नव्हती ते ठाऊक नाही, रंग चांगला होता म्हणून राखून ठेवली असेल. मग रोजचं सुरू झालं. तो संध्याकाळी सेल आणून देई, मी भरून देई, भरेपर्यंत तो बसे, कारण मीच म्हणत असे की सेल एकटे सोडायचे नाहीत. सेल हळू भरावेत, थोड्या विजेवर भरावेत, म्हणजे जास्त टिकतात हे खरं आहे. पण मी त्याचे जितके हळू भरत असे तितकी गरज नव्हती, हेही खरं आहे.

पुलावर आले तेव्हा दम लागला. खाली नदी म्हणजे नेहमीची दगडं आणि मधून एक ओघळ. मी कठड्याला हात टेकला आणि तिथं, वर ऊन आणि पोटात ती थडथड, मला व्रासिदास आठवला. माझा नवरा, म्हणजे होता तेव्हाचा. त्याची आठवण मला हल्ली येत नाही, येते ती सेलच्या मार्गानं येते. आम्ही दोघं एका वयाचे, एका गल्लीतले, एकाच शाळेतले. लोक म्हणायचे, जोडी बघा कशी जमली. सुरुवातीची वर्षं होतीही तशी. मग त्याचा कारखाना बंद पडला आणि तो घरी बसला, आणि मी ठरवलं की ठीक आहे, मी दोघांचं ओढीन. मी दोन ठिकाणी काम धरलं, सकाळी त्याला उठवलं, जाहिराती वाचून दाखवल्या, त्याच्या मित्रांना फोन केले, जेवताना हसले, झोपताना हसले. मी जितकी ढकलत गेले तितका तो उलटा होत गेला. मी चहा पुढे केला की त्याला टोमणा वाटे. मी नवा शर्ट आणला की तो म्हणे, भिकाऱ्याला दान का? एका दिवशी मी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि त्यानं तो असा काही झटकला की माझा हात कपाटावर आपटला, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते रागाचं नव्हतं, गुदमरल्याचं होतं. पुढे वेगळे झालो. तो आता लारिसाला असतो, ट्रॅक्टरचे भाग विकतो, जाड झालाय, सुखी आहे म्हणतात, आणि मला ते ऐकून बरं वाटतं. पण तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी बांधून ठेवली होती. वापरलेले दोघं एकत्र घालायचे नाहीत. ज्याचा त्याचा भूतकाळ वेगळा, ज्याची त्याची गळती वेगळी, बाहेरून कितीही सारखे दिसले तरी. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, मी तर ताकाचं भांडंच फडताळात उपडं घालून ठेवलं होतं.

आणि तिथंच, कठड्यावर, माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मोठ्यानं "अरे देवा" म्हटलं, आणि सायकलवरून जाणाऱ्या एका बाईनं मागं वळून पाहिलं. स्टेर्गिओस एका केसाच्या दहाव्या भागाएवढं मोजणारा माणूस. त्याच्या हातून निळ्याच्या जागी वांगी जाणार? चुकून? आणि चुकून गेलाच, तर उरलेले दोघं चार्जरवर असे ठिपके समोर करून, शेजारी शेजारी, मला आल्या आल्या दिसतील असे कसे बसतील? त्यानं माझ्या दुकानात शिरून खण उघडला, माझी जोडी फोडली, आपली फोडली. एक तुझा, एक माझा, दोघं इथं तुझ्यापाशी. एक तुझा, एक माझा, दोघं तिथं माझ्या खिशात. हा गाढव मला मागणी घालतोय. एकत्र भरायचं, एकत्र संपायचं, एक गेला की दुसऱ्यानंही कामावरून निघायचं, हे जे मी त्याला गेली इतकी वर्षं बोट नाचवून नाचवून शिकवत होते, तेच त्यानं उचलून माझ्यासमोर ठेवलं. दुसऱ्या कोणी अंगठी ठेवली असती. अंगठीनं कोणाची छाती फाटत नाही. मी हसायला लागले, आणि हसता हसता धावायला लागले, आणि आता ती थडथड काय होती ते मला कळलं होतं, आनंद होता, सरळ साधा, लाज नसलेला आनंद, या वयात, लाकडी चपलांत, घामानं चिंब. आणि त्याच्यावर ताण म्हणजे ही भीती, की मी हो म्हणायच्या की नाही म्हणायच्या आधीच हा उतावळा नवरा पेटायचा.

हो की नाही? पुलापासून बंदरापर्यंत मी स्वतःशी भांडत गेले. नाही, कारण बघ ना, त्यानं जे केलंय तेच कारण आहे, दोन वेगळ्या गळतीचे सेल कोंबलेत एका नळीत. त्याची बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली, तो एकटा राहून राहून भरलाय, त्याच्यात जोर आहे, तो सकाळी गातो. मी जुनी आहे. माझ्यात किती उरलंय ते मी कधी मोजलेलंच नाही. सुरुवातीला सगळं छान चालेल आणि मग एक दिवस मी रिकामी होईन आणि तो प्रेमानं ढकलत राहील, गात गात ढकलत राहील, आणि मग मी त्याचा हात झटकीन. माझ्या चेहऱ्यावर तेच गुदमरणं येईल. म्हणजे तेव्हा व्रासिदास जो होता ती आता मी. हे वाक्य मनात आलं आणि माझी चाल मंदावली. पण पाय थांबेनात. पाय हो म्हणत होते. कोपऱ्यावर मासे तळल्याचा वास आला, मग खारा वारा, मग स्कियाथोस बेटावर जाणाऱ्या बोटीचा भोंगा, आणि मला जाणवलं की मी पळता पळता केस सारखे करतेय.

थोमाईच्या खानावळीची टेबलं धक्क्याच्या दगडांवर मांडलेली असतात. स्टेर्गिओस नेहमीच्या जागी होता, पाण्याकडे तोंड, शेजारी लांब्रोस कोळी, समोर छोट्या बाटल्या आणि ऑक्टोपसची बशी. इस्त्रीचा पांढरा शर्ट. शनिवारी हा कधी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. त्यानं मला पाहिलं, तोंडभर हसला, आणि हसता हसताच खिशातून नळी काढून ओठांशी नेली.

"ओढू नकोस!" मी किंचाळले. सगळी टेबलं वळली. एक मांजर उडी मारून पळालं.

"आलीस?" स्टेर्गिओस म्हणाला. "पाहिलंस ना तू? पाहिलंस ना?"

"बटणावरचा अंगठा काढ. आधी अंगठा काढ."

मी नळी त्याच्या हातातून ओढूनच घेतली. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. कोमट होती. शर्टाची ऊब की तिची स्वतःची, सांगता येईना. मी झाकण फिरवलं, आटे मऊ फिरले, एवढ्या धांदलीतही मनात आलं की काय सुंदर फिरतात, आणि दोन्ही सेल तळहातावर घेतले. निळा गार होता. वांगी तापला होता, ताज्या उकडलेल्या अंड्यासारखा, धरवेल पण धरावासा वाटणार नाही असा. माझा. मी तो धक्क्याच्या कडेला उघड्या दगडावर नेऊन ठेवला, जवळच्या खुर्च्या लाथेनं मागे सारल्या आणि मध्ये उभी राहिले.

लांब्रोस म्हणाला, "पाण्यात टाक की, समुद्र काय फुकट दिलाय देवानं?"

"पाण्यात नको. कोणी हात लावायचा नाही. गार होऊ दे त्याला आपला आपण."

"बॉम्ब आहे का हा?" थोमाई दारातून ओरडली. हातात बाटल्यांचा ट्रे होता. "कालिरोई, माझ्या गिऱ्हाइकांत बॉम्ब ठेवतेस?"

"मी नाही ठेवला, यानं ठेवला. स्वतःच्या छातीवर."

आम्ही सगळे उभे राहून त्या एवढ्याशा नळकांड्याकडे बघत राहिलो. गोडसर वास येतो का म्हणून मी हुंगत होते, पण तळलेल्या माशांपुढे काय कळणार. मग मी वाकून हाताची पाठ जवळ नेली. उतरत होता. पुन्हा पाहिलं, आणखी उतरला. पिशवीतून मीटर काढून टोकं टेकवली. निळ्यात अजून अर्ध्याच्या वर होतं. वांगी तळाला जाऊन खालची फरशी खरवडत होता. आणखी दोन-चार लांब झुरके, एवढंच अंतर होतं. तेव्हा कुठं मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"दोन्ही पूर्ण भरून घातले होते," स्टेर्गिओस म्हणाला. बिचारा पांढरा पडला होता. "तुझ्याच मीटरवर पाहिलं. चार पॉइंट दोन व्होल्ट आणि चार पॉइंट दोन व्होल्ट. एका धाग्याचा फरक नव्हता."

"भरलेले असताना सगळेच सारखे दिसतात, स्टेर्गिओस."

"मला वाटलं, तू पाहशील आणि..."

"आणि काय? गाणं म्हणीन? भरायला लावून दुकान सोडून गेलास ते वेगळंच."

"भरून होईस्तोवर बसलो होतो. दिवे हिरवे झाल्यावर निघालो." त्यानं बाटलीतलं उरलेलं पेल्यात ओतून माझ्यासमोर सरकवलं. "बडीशेपेचं आहे, तुला चालत नाही, पण आज पी." मी एका घोटात प्यायले. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे नाही, असंच ना?"

आता हो म्हणायची किंवा नाही म्हणायची पाळी आली होती आणि माझ्या तोंडातून मी ठरवलेलं काहीच निघालं नाही. मी म्हटलं, "या नळीत नाही." मग म्हटलं, "तो वांगी गेला. तो परत कधी भरायचा नाही, टोकांना चिकटपट्टी लावून टाकून द्यायचा. त्याला मी फार राबवला. पण ऐक. सेल एकावर एकच घालावे लागतात असं नाही. शेजारी शेजारीही जोडता येतात, दोघांची डोकी एकीकडे. तिथं कोणी कोणाला मागून ढकलत नाही. ज्याच्यात जास्त आहे तो कमी असलेल्याला आपोआप देतो, आणि दोघं एकाच पातळीला राहतात. फक्त जोडायच्या आधी दोघांनी आपापल्या ठिकाणी सारख्या पातळीला यायला हवं. घाईनं जोडले तर तिथंही ठिणगी उडते."

"आपापल्या ठिकाणी," स्टेर्गिओस म्हणाला.

"माझं घर माझं राहील. आई तिथंच राहील. दुकान मी चालवीन. मी दमले की दमले म्हणेन, आणि तेव्हा तू गायचं नाहीस."

"अजिबात?"

"हळू गा."

लांब्रोसनं काटा खाली ठेवला. "ही अजून बॅटऱ्यांबद्दलच बोलतेय ना?"

"तू ऑक्टोपस खा," थोमाई म्हणाली.

स्टेर्गिओस माझ्याकडे पाहत होता. इतके दिवस शेजारी बसून मी त्याचे डोळे नीट पाहिलेच नव्हते, चार्जरच्या दिव्यांकडे पाहत आले होते. तो म्हणाला, "चर्चमध्ये? पाद्री, डोक्यावर लग्नाचे मुकुट, सगळं? की असंच? तू म्हणशील तसं. पण आज काहीतरी म्हण, कालिरोई, माझी छाती त्या नळीनं नाही फुटली, पण अशानं फुटेल."

आमच्याकडे लग्नात पाद्री पोथी वाचत वाचत एका ओळीशी येतो, पत्नीनं पतीचं भय धरावं, आणि सगळं चर्च माना उंचावून खाली बघायला लागतं, कारण नेमकं त्या क्षणी नवरी, मी नाही भ्यायची म्हणून, नवऱ्याच्या पायावर पाय देते. व्रासिदासच्या वेळी मीही दिला होता, अगदी हळू, चपलेचं टोक टेकवल्यासारखा, नवे बूट चुरगळतील म्हणून. आज समोर पाद्री नव्हता, ऑक्टोपसची बशी होती. मी टेबलाखाली त्याचा पाय शोधला आणि लाकडी चपलेसकट, अंगातला सगळा जोर लावून, त्यावर पाय दिला.

"आई गं!" स्टेर्गिओस बोंबलला, आणि बाटली आडवी झाली.

थोमाई चखणा ठेवायला वाकली होती, तिला टेबलाखालचं दिसलं. तिनं ट्रे तिथंच टाकला, छातीवर क्रूस काढला आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं बाई, हिनं पाय दिला!" लोक उठले, कोणी शिट्टी मारली, लांब्रोस काहीच न कळता टाळ्या वाजवायला लागला. स्टेर्गिओसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखण्याचं असेल किंवा नसेल, आणि तो हसत होता. मी पाय काढला नाही.